"होईल हो, काळजी करू नका" म्हणण्याआधी : अमेरिकेतल्या करिअर कॉलेजात अ‍ॅडमिशन्सची नोकरी धरताना

अमेरिकेत एका खासगी करिअर कॉलेजात मी सहा वर्षं अ‍ॅडमिशन्स रिप्रेझेंटेटिव्ह होते. मेडिकल असिस्टंट, डेंटल असिस्टंट, वीजकाम असे कमी मुदतीचे अभ्यासक्रम, आणि चौकशीला येणारी माणसं बहुतेक नोकरी सांभाळून शिकू पाहणारी. नवऱ्याच्या व्हिसावर आले, काम करायची परवानगी हातात पडली, आणि "बोलायला चांगली आहेस, तीन भाषा येतात" एवढ्या भांडवलावर मला ही नोकरी लागली. त्याच वाटेने येणाऱ्या मराठी मुलामुलींचे फोन मला अजून येतात. प्रश्न तेच असतात, म्हणून सगळं एकदा लिहून ठेवते आहे.

आपल्याकडे समोरचा माणूस घाबरलेला दिसला की त्याला धीर देतात. "होईल हो, काळजी करू नका" हे वाक्य आपल्या तोंडात बसलेलं असतं. या नोकरीत ते कॉलेजने दिलेलं आश्वासन म्हणून मोजलं जातं, आणि त्याच्या भरवशावर समोरचा हजारो डॉलरचं कर्ज काढतो. ट्रेनिंग, परवाना, कंप्लायन्स (नियम पाळले जातात का हे बघणारा विभाग) हा सगळा खटाटोप या एका वाक्याभोवतीच फिरतो असं मला सहा वर्षांनी वाटतं.

१. ऑफर घेण्याआधी कॉलेज तपासा

सरकारी विद्यापीठातला अ‍ॅडमिशन ऑफिसर अर्ज वाचून निवड करतो. करिअर कॉलेजातला रिप्रेझेंटेटिव्ह चौकशी करणाऱ्याला फोन करतो, कॉलेज दाखवतो, अर्ज भरून घेतो. हा लेख या दुसऱ्या कामाबद्दल आहे.

तीन गोष्टी तपासा. कॉलेजला राज्याची परवानगी आहे का. फेडरल शिक्षण खात्याने मान्य केलेल्या, शिक्षणाचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेचं अ‍ॅक्रेडिटेशन आहे का. आणि त्याच खात्याच्या हायटन्ड कॅश मॉनिटरिंगच्या, म्हणजे ज्यांच्या पैशांच्या व्यवहारावर खातं जास्त लक्ष ठेवतं अशा कॉलेजांच्या, यादीत नाव आहे का. ही यादी सर्वांना बघता येते. यादीत नाव असलं म्हणजे कॉलेज वाईटच असं नाही, पण मुलाखतीत कारण विचारायचा हक्क तुम्हाला आहे. कोरिंथियन कॉलेजेस २०१५ मध्ये आणि आयटीटी टेक २०१६ मध्ये बंद पडली, तेव्हा हजारो विद्यार्थी मधेच अडकले आणि त्यांना प्रवेश देणारी माणसंही रस्त्यावर आली.

२. पगाराबद्दल स्पष्ट विचारा

जे कॉलेज फेडरल ग्रँट आणि कर्जांचे पैसे घेतं, त्याला १९६५ च्या हायर एज्युकेशन अ‍ॅक्टचं चौथं प्रकरण लागू होतं. बोलताना सगळे त्याला 'टायटल फोर' म्हणतात. त्यात १९९२ पासून एक बंदी आहे: किती प्रवेश मिळवले किंवा किती जणांना आर्थिक मदत मिळवून दिली यावर कमिशन, बोनस किंवा इतर कुठलाही मोबदला द्यायचा नाही. २००२ मध्ये या बंदीतून बारा पळवाटा दिल्या गेल्या. त्या काढून टाकणारा नियम १ जुलै २०११ पासून लागू झाला. 'मोबदला' या शब्दात पैशाइतकीच इतर किमती वस्तूही येते. म्हणजे सर्वांत जास्त प्रवेश करणाऱ्याला सहल किंवा गिफ्ट कार्ड हेही बसत नाही. बंदी फक्त तुम्हाला नाही, प्रवेशाचं काम ज्यांच्या हाताखाली चालतं त्या वरच्यांनाही आहे.

आकडे मोजायला मनाई नाही. त्या आकड्यांवर पगार ठरवायला आहे. मुलाखतीत विचारा: "पगारवाढ कशावर ठरते?" उत्तर लेखी मागा. "तू नंबर आण, आम्ही बघून घेऊ" असं कानात सांगणाऱ्या ठिकाणी जाऊ नका.

याच बंदीवरून युनिव्हर्सिटी ऑफ फिनिक्सच्या दोन माजी एनरोलमेंट काउन्सेलर बायका न्यायालयात गेल्या होत्या. २००९ मध्ये विद्यापीठाने आरोप मान्य न करता ६ कोटी ७५ लाख डॉलर सरकारला देऊन तडजोड केली. आपल्याच टेबलावर बसणाऱ्यांनी हे केलं, हे मी प्रत्येक नव्या माणसाला सांगते.

३. राज्याचा परवाना आधी, पहिला फोन नंतर

नवी माणसं इथे हमखास अडकतात. न्यूयॉर्क, ओहायो, पेनसिल्व्हेनिया, फ्लोरिडा अशा कित्येक राज्यांत खासगी करिअर स्कूलसाठी विद्यार्थी मिळवणाऱ्याला स्वतःच्या नावाचा परवाना लागतो. कुठे त्याला एजंट परमिट म्हणतात, कुठे सर्टिफिकेट, कुठे लायसन्स. तो कोणाला लागतो, कोणाला नाही, आणि कॉलेजच्या आवारात बसून काम केलं तर काय, हे राज्यागणिक बदलतं. राज्याच्या संकेतस्थळावरचा नियम स्वतः वाचा. शेजारच्या टेबलावरच्याने "आम्ही कुणी काढला नाही" म्हटलं म्हणून थांबू नका.

परवाना बहुतेक ठिकाणी त्या एका कॉलेजपुरता असतो. नोकरी बदलली की नव्याने अर्ज. मुदत संपायची तारीख स्वतःच्या कॅलेंडरमध्ये टाका, एचआरवर सोडू नका.

कॉलेज एका राज्यात आणि विद्यार्थी दुसऱ्या राज्यात, असं ऑनलाइन अभ्यासक्रमांत नेहमी होतं. अशा वेळी विद्यार्थ्याच्या राज्यात कॉलेजला परवानगी आहे का, हे फोन करण्याआधी कंप्लायन्सला विचारायचं.

४. जवळ काय काय हवं

नोकरी आणि परवान्यासाठी:

- काम करायच्या परवानगीची कागदपत्रं. मुदत संपत आली असेल तर नूतनीकरणाचा अर्ज वेळेत टाका.
- पदवी आणि गुणपत्रिका. कॉलेजने मागितलं तर भारतीय पदवीचं इथल्या संस्थेकडून करून घेतलेलं मूल्यमापन.
- मागच्या नोकऱ्यांच्या तारखा आणि पत्ते. पार्श्वभूमी तपासणीत याच तारखा जुळवतात.
- राज्याचा अर्ज, शुल्क, फोटो, आणि कॉलेजने सही करायची पानं.

टेबलावर, रोज:

- चालू वर्षाचा कॅटलॉग (कॉलेजचे अभ्यासक्रम आणि नियम यांचं पुस्तक) आणि त्याला जोडलेल्या पुरवण्या
- फीचा सध्याचा तक्ता, पैसे परत करण्याचं धोरण
- विद्यार्थ्यांना द्यायची माहितीपत्रकं: किती जण पूर्ण करतात, किती जणांना काम लागतं
- कोणत्या राज्यात कोणता अभ्यासक्रम व्यावसायिक परवान्याला पुरतो याची यादी
- फोनवर काय बोलायचं त्याचं मंजूर झालेलं स्क्रिप्ट, तारखेसकट
- कंप्लायन्सच्या माणसाचा थेट नंबर

मागच्या वर्षीचा कॅटलॉग टेबलावर ठेवूच नका. माझ्या शेजारणीने जुन्या पानावरून फी सांगितली होती. फरक थोडा होता, पण विद्यार्थिनीने तिचं घरखर्चाचं गणित त्या आकड्यावर बसवलं होतं.

५. ट्रेनिंगमध्ये स्क्रिप्ट पाठ करण्याआधी कॅटलॉग वाचा

ट्रेनिंगमध्ये सगळा भर फोनवर कसं बोलायचं यावर असतो. तो भाग जमून जातो. जमत नाही तो भाग असा: प्रवेशाच्या अटी, हजेरीचे नियम, नापास झाल्यावर काय, प्रॅक्टिकलसाठी कुठे जावं लागतं, कोणते खर्च फीमध्ये धरलेले नाहीत. पहिल्या आठवड्यात कॅटलॉग पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचा. मग एक अख्खा दिवस वर्गात जाऊन बसा. शिकवणाऱ्यांना विचारा, मुलं कशामुळे सोडून जातात. मला एका शिक्षिकेने सांगितलं, "पहाटेच्या क्लिनिकल ड्युटीचं कुणी आधी सांगितलेलं नसतं." त्यानंतर लहान मुलं असलेल्या प्रत्येक आईला मी ते पहिल्याच भेटीत सांगायला लागले.

ट्रेनिंगच्या प्रत्येक सत्राची तारीख, विषय आणि तुमची सही असलेला कागद स्वतःजवळही ठेवा. उद्या तपासणी आली तर "यांना शिकवलं होतं का?" हा पहिला प्रश्न असतो.

६. कोणती वाक्यं तोंडातून जाऊ द्यायची नाहीत

हा टप्पा सर्वांत लांब आहे, कारण काम इथेच बिघडतं. अभ्यासक्रमाचं स्वरूप, खर्च आणि पदवीनंतरची नोकरी या तीन बाबींत खोटं किंवा दिशाभूल करणारं काही सांगितलं तर फेडरल नियमांत त्याला 'मिसरिप्रेझेंटेशन' म्हणतात. लिहून सांगितलं काय, तोंडी सांगितलं काय, सारखंच. २०१० मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने खोटे उमेदवार बनवून १५ नफ्यावर चालणाऱ्या कॉलेजांत पाठवले होते. पंधराही ठिकाणी त्यांना फसवी किंवा शंकास्पद विधानं ऐकायला मिळाली. २०२२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या न्यायालयाने अ‍ॅशफर्ड युनिव्हर्सिटी आणि तिच्या मूळ कंपनीला २ कोटी २० लाख डॉलरहून जास्त दंड ठोठावला, तो प्रवेश विभागातल्या माणसांनी विद्यार्थ्यांना फोनवर जे सांगितलं होतं त्यावरून.

*"क्रेडिट्स पुढे चालतील."* ही माझी स्वतःची चूक. एका मुलाने विचारलं, इथली क्रेडिट्स, म्हणजे इथे पूर्ण केलेले विषय, राज्य विद्यापीठात धरून घेतील का. मी म्हणाले, "बहुतेक घेतील." वर्षभराने तो परत आला. विद्यापीठाने एकही विषय धरला नव्हता. तो चिडला नाही, फक्त म्हणाला, "तुम्ही सांगितलं होतं म्हणून मी विचारायला गेलो नाही." त्याच्या डोक्यावर कर्ज होतं. मी त्याच दिवशी मॅनेजरला लेखी कळवलं, पण त्याचं वर्ष परत आलं नाही. क्रेडिट्स घ्यायची की नाही हे घेणारी संस्था ठरवते, दुसरं कुणी नाही. म्हणा: "तुम्हाला पुढे जिथे जायचं आहे, त्यांना सही करण्याआधी विचारा. मी तुम्हाला विषयांची यादी छापून देते."

*"नोकरी लागतेच."* लागतेच असं कुठेच नसतं. छापील पत्रकातला आकडा, तो कोणत्या वर्षाचा आणि कोणत्या अभ्यासक्रमाचा आहे त्यासह सांगा. देशभराचा सरासरी पगार दाखवून तो आपल्या विद्यार्थ्यांचा असल्यासारखं सांगणं ही त्याच जातीची चूक.

*"पैसे सरकार देतं."* पेल ग्रँट ही फेडरल मदत परत करायची नसते, कर्ज फेडायचं असतं. एका वाक्यात दोन्ही घुसळली की ऐकणाऱ्याला सगळं फुकट वाटतं. रिप्रेझेंटेटिव्हने मदतीची रक्कम सांगायची नाही, पात्रता ठरवायची नाही. फाफ्सा हा फेडरल आर्थिक मदतीचा अर्ज फुकट असतो आणि तो विद्यार्थ्याने स्वतः भरायचा असतो. त्याचं खातं तुम्ही उघडायचं नाही, पासवर्ड ठेवायचा नाही, सही तर नाहीच. फेडरल मदत नागरिकांना, ग्रीन कार्डधारकांना आणि आणखी काही ठराविक वर्गांनाच मिळते. आपल्याच लोकांपैकी एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाच्या आधाराने, आलेल्या बायका हा प्रश्न तुम्हाला विश्वासाने विचारतील. त्यांना फायनान्शियल एड ऑफिसकडे न्या, आणि व्हिसाचा प्रश्न असेल तर परदेशी विद्यार्थ्यांचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याकडे. व्हिसाबद्दल सल्ला देऊ नका, स्वतः त्यातून गेला असलात तरी.

*"अ‍ॅक्रेडिटेड आहे म्हणजे लायसन्स मिळेल."* कॉलेजचं अ‍ॅक्रेडिटेशन वेगळं, व्यवसायाचा परवाना वेगळा. विद्यार्थी ज्या राज्यात काम करणार, तिथल्या परवाना देणाऱ्या बोर्डाला हा अभ्यासक्रम चालतो का हे यादीत बघा. कुणाच्या नावावर जुना गुन्हा असेल तर आरोग्य क्षेत्रात अडचण येऊ शकते. तो विषय निघाला तर "बघू" म्हणून टाळू नका. राज्याच्या बोर्डाशी आधी बोला, असं सांगा.

*"दोनच जागा उरल्यात."* खऱ्याच दोन उरल्या असतील तरच. घाई लावणं, "घरच्यांना नंतर सांगा" म्हणणं, नको म्हटल्यावर परत परत फोन करणं, हे सगळं दबावात धरलं जातं. कुणी म्हणालं की नवऱ्याशी किंवा आईशी बोलून येते, तर पत्रकं हातात द्या आणि जाऊ द्या.

लष्करातल्या आणि माजी सैनिकांबाबत नियम आणखी कडक आहेत. २०१२ च्या अध्यक्षीय आदेशाने त्यांच्यावर आक्रमक पद्धतीने प्रवेश लादण्याला मनाई केली. नफ्यावर चालणाऱ्या कॉलेजचं नव्वद टक्क्यांहून जास्त उत्पन्न फेडरल पैशातून येता कामा नये, या हिशेबात पूर्वी त्यांचा निधी धरला जात नव्हता, म्हणून काही कॉलेजं त्यांच्यामागे लागत. २०२१ च्या कायद्याने ती फट बुजवली. अशी चौकशी आली की त्यासाठी नेमलेल्या माणसाकडेच द्या.

७. फोन आणि मेसेज

नको असलेल्या फोन-मेसेजबद्दलच्या १९९१ च्या टीसीपीए कायद्याखाली नियमबाह्य फोन किंवा मेसेजमागे ५०० डॉलर, आणि जाणूनबुजून केला असेल तर १,५०० डॉलरपर्यंत भरपाई मागता येते. प्रत्येक फोनमागे, हे लक्षात घ्या. फोन सकाळी ८ ते रात्री ९ याच वेळेत, आणि ही वेळ समोरच्याच्या गावची. एरिया कोडवर विसंबू नका, माणसं नंबर तोच ठेवून राज्य बदलतात. पहिल्या फोनमध्ये "तुम्ही आत्ता कुठून बोलताय?" हे विचारायची सवय लावून घ्या.

विकत घेतलेल्या लीडमध्ये (चौकशी करणाऱ्यांची नावं आणि नंबर) असा माणूस निघतो ज्याने नोकरीसाठी फॉर्म भरलेला असतो आणि कॉलेजचा फोन का आला हे त्याला कळत नाही. करिअर एज्युकेशन कॉर्पोरेशनने २०१९ मध्ये अशाच लीड पुरवणाऱ्यांच्या फसवणुकीच्या प्रकरणात ३ कोटी डॉलर देऊन एफटीसी या ग्राहकांचं हित बघणाऱ्या फेडरल संस्थेशी तडजोड केली. म्हणून सुरुवातीलाच विचारा, "तुम्ही शिक्षणाची चौकशी केली होती का?" नाही म्हणाले तर माफी मागा, नोंद करा, फोन ठेवा.

स्वतःच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून विद्यार्थ्याशी बोलू नका. आपल्याला ते अगदी सहज वाटतं, पण कॉलेजकडे त्याची नोंद राहत नाही, आणि वाद झाला तर तुमचा फोनच पुरावा म्हणून मागितला जातो. फोन रेकॉर्ड होत असेल तर तसं सांगा. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत दोन्ही बाजूंची संमती लागते.

८. आईवडिलांचा फोन

विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या गोपनीयतेबद्दलच्या १९७४ च्या फर्पा कायद्याने विद्यार्थी कॉलेजात शिकू लागला की त्याच्या नोंदींवरचा हक्क त्याचा स्वतःचा होतो, वय सतरा असलं तरी. वडील फी भरतात म्हणून त्यांना हजेरी सांगायची नसते. काही अपवाद आहेत, पण ते ठरवणं रजिस्ट्रारचं काम. आवाज चढलेला असला तरी शांतपणे सांगा: "त्याची लेखी संमती आली की लगेच बोलू." नुसत्या अर्जदारांना हा कायदा लागू होत नाही, तरी बहुतेक कॉलेजं त्यांची माहितीही तितक्याच काळजीने ठेवतात, तुम्हीही ठेवा.

९. सहीच्या दिवशी

एनरोलमेंट अ‍ॅग्रीमेंट पान उलटून "इथे सही, इथे सही" असं कधीच करू नका. एकूण खर्च, रद्द करण्याचा हक्क, पैसे परत मिळण्याचा हिशेब, ही तीन पानं त्यांना मोठ्याने वाचायला सांगा. कॅलिफोर्नियात आकडेवारीचं माहितीपत्रक करारावर सही होण्याआधी द्यावंच लागतं. तिथे विद्यार्थ्याला पहिल्या तासाचा दिवस किंवा नावनोंदणीनंतरचा सातवा दिवस, यातलं जे नंतर येईल तोवर प्रवेश रद्द करता येतो. अर्धवट सोडलं तर काय, हेही सांगा: सत्राचा ६० टक्के भाग होण्याआधी सोडल्यास फेडरल मदतीचा काही हिस्सा परत जातो, आणि मग कॉलेजचं देणं विद्यार्थ्याच्या अंगावर येऊ शकतं.

भाषेची एक गोष्ट आपल्यासाठी फार महत्त्वाची आहे. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात प्रवेशाची बोलणी इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेत झाली असतील, तर करार आणि माहितीपत्रकंही त्याच भाषेत द्यावी लागतात. म्हणजे समोरची बाई मराठी निघाली म्हणून आनंदाने सगळं मराठीत समजावलंत, तर कॉलेजला मराठी करार द्यावा लागेल. चहापाण्याचं मराठीत बोला. अभ्यासक्रम, फी, नोकरी यावर मातृभाषेत बोलण्याआधी कंप्लायन्सला विचारा. आणि तिला इंग्रजी करार कळत नसेल, तर त्या दिवशी सही घेऊच नका.

१०. नोंदी, आणि वरून चुकीचं सांगितलं गेलं तर

प्रत्येक बोलण्यानंतर दोन ओळी लिहा: काय विचारलं, मी काय सांगितलं, कोणतं पत्रक दिलं. त्याच दिवशी. आठवड्याने आठवून लिहिलेली नोंद तपासणीत टिकत नाही.

मॅनेजर म्हणाला की "हे सांगू नकोस" किंवा "त्याची सही तूच टाक", तर वाद घालत बसू नका. जागेवर परत येऊन त्याला ईमेल करा: "तुम्ही मला असं करायला सांगितलं असं मला समजलं. बरोबर आहे का?" बहुतेक वेळा तिथेच विषय संपतो. नाही संपला तर कंप्लायन्स, मग राज्याचं खातं किंवा अ‍ॅक्रेडिटेशन देणारी संस्था. फेडरल पैशाचा प्रश्न असेल तर वकिलाला आधी विचारा, कारण सरकारी पैशाच्या फसवणुकीविरुद्धच्या फॉल्स क्लेम्स अ‍ॅक्टखाली तक्रार करणाऱ्याला संरक्षण आहे, पण वाट ठरलेली आहे. विद्यार्थ्यांची माहिती असलेले कागद मात्र वकिलाला विचारल्याशिवाय घरी नेऊ नका.

नोकरी सोडताना परवाना कॉलेजला किंवा राज्याला परत करायचा असतो का ते बघा, आणि तुम्ही तिथे नाही हे राज्याला कळवलं गेल्याची पोच मागून घ्या. तुमचं नाव त्या कॉलेजच्या यादीत राहिलं तर पुढच्या परवान्याचा अर्ज तिथेच अडकतो.